महालातली आत्या आणि कोरोमंडलचा किनारा

पहिला दिवस : गाडीत

नागपूरच्या माणसाला समुद्र कुठूनही जवळ नाही. मुंबई घ्या, विशाखापट्टणम घ्या, चेन्नई घ्या, एक रात्र गाडीत काढल्याशिवाय खारं वारं नाकाला लागत नाही. देशाच्या मधोमध राहण्याचा हा तोटा झिरो माइलपाशी फोटो काढणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

आम्ही निघालो जानेवारीत, पोंगलच्या आठवड्यात. मी, नवरा आणि नवऱ्याची आत्या. मी शाळेत इतिहास शिकवते. नागपूरकर रघूजी भोसल्यांची कर्नाटकातली, म्हणजे तेव्हाच्या अर्काटकडच्या तमिळ मुलखातली, मोहीम पुस्तकात चार ओळींत संपते आणि मुलं ती परीक्षेनंतर विसरतात. १७४० च्या मे महिन्यात दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला, १७४१ च्या मार्चमध्ये तिरुचिरापल्ली पडली आणि दोस्त अलीचा जावई चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला गेला. एवढ्या लांब, घोड्यांवरून, ही मंडळी कशी पोचली असतील हे मला तो रस्ता बघून समजून घ्यायचं होतं. नवऱ्याला मासे खायचे होते.

आत्याबाईंचा मामला वेगळा. जन्म नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतला, भोसल्यांच्या वाड्याच्या हाकेच्या अंतरावरचा. लग्न होऊन भंडाऱ्याकडे गेल्या, त्यामुळे तळ्यातले झिंगे आणि मरळ यावर त्यांचा अधिकार. म्हातारपणी परत महालात. रामेश्वरला जाऊ या म्हटलं तर म्हणाल्या, "रामेश्वर कवाही होते बाई. मले नुसता समुद्र पाह्यचा हाय. अन् रघूजी कुठवर गेलता थे बी पाह्यचं हाय." रघूजी हा त्यांच्या बोलण्यात नेहमी शेजारच्या घरातला असतो.

दशम्या, लसणाची चटणी आणि सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा बल्लारशा यायच्या आत अर्धा झाला. पुढे डब्यातल्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या तेलुगू झाल्या, चहाच्या जोडीला कॉफी आली. विजयवाड्याला कृष्णेचा पूल रात्री लागतो, त्यामुळे तो फक्त ऐकू आला.

दुसरा दिवस : चेन्नई ते पुदुच्चेरी

चेन्नईत उतरल्यावर पहिलं काम कॉफी. पितळी दाबरा (पसरट वाटी) आणि टंबलर, वरून ओतून फेस काढलेली. आत्याबाईंनी ती बशीत ओतून प्यायला सुरुवात केली तेव्हा हॉटेलातल्या पोऱ्याला काही वावगं वाटलं नाही, दाबऱ्याचा उपयोग तोच.

पुढच्या सगळ्या दिवसांसाठी गाडी ठरवली होती. ड्रायव्हर सैन्यात होता, त्यामुळे त्याला हिंदी येत होतं, आणि ते आमच्या नागपुरी हिंदीपेक्षा शुद्ध होतं. कोरोमंडलच्या, म्हणजे इथल्या पूर्व किनाऱ्याच्या, रस्त्यानं पुदुच्चेरी दीडशे किलोमीटर. वाटेत मामल्लपुरम. पल्लवांचं किनाऱ्यावरचं देऊळ आणि एकाच खडकातून कोरलेले रथ यांच्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून मी फक्त मांजराबद्दल सांगते. मोठ्या कातळावर गंगावतरणाचा (काहींच्या मते अर्जुनाच्या तपाचा) प्रचंड देखावा कोरला आहे. त्यात एका हत्तीजवळ एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय वर करून तप करतंय आणि भोळे उंदीर त्याच्याभोवती जमलेत. सातव्या शतकातल्या शिल्पकारानं देवादिकांच्या गर्दीत ढोंगी साधूची टिंगल करून ठेवली आहे. आत्याबाई रथांपेक्षा या मांजरापाशी जास्त वेळ थांबल्या.

पुदुच्चेरीला संध्याकाळी पोचलो. समुद्राकाठचा रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद होतो आणि सगळं गाव चालायला येतं. आत्याबाईंना वाळू हवी होती, इथं बराचसा भाग काळ्या दगडांच्या ढिगांचा. कारण साधं आहे. या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात एकंदर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. शहराच्या दक्षिणेला बंदरासाठी समुद्रात बांध घातले, वाळू तिथंच अडली आणि उत्तरेकडचा किनारा खरवडून निघाला. उरलेलं वाचवायला दगड टाकले. अलीकडे काही भागात वाळू परत आणलीय. तरी आत्याबाई दगडावर बसल्या, पाय खाली सोडले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट.

तिसरा दिवस : पुदुच्चेरी

सकाळी मासळीबाजार. विकायला सगळ्या बायका. समुद्रात जायचं पुरुषांनी, बाजार चालवायचा बायकांनी, ही या किनाऱ्याची वाटणी. वंजरम म्हणजे आपली सुरमई, वव्वाल म्हणजे पापलेट, नेत्तिली म्हणजे बोटभर लांबीचे चंदेरी मासे, जे पीठ न लावता नुसत्या मसाल्यात कुरकुरीत तळतात. आत्याबाईंनी एका माशाचा कल्ला उचलून आत लाल आहे का बघितलं. विकणारी हसली आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. आत्याबाईंनी वऱ्हाडीत उत्तर दिलं. दोघींचा भाव ठरला, फक्त मासा घेऊन लॉजवर करायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सौदा तिथंच राहिला.

शहराचे दोन भाग मधल्या कालव्यानं वेगळे केलेत. समुद्राकडचा फ्रेंचांचा, पिवळ्या भिंतींचा, बोगनवेलींचा, फोटो काढणाऱ्यांचा. पलीकडचा तमिळ. मला दुसरा आवडला. घरांना रस्त्याच्या बाजूला ओटे आहेत, त्यांवर लाकडी खांबांचं छप्पर, वाटसरूनं टेकावं म्हणून. आनंद रंग पिळ्ळै यांचं घर याच भागात आहे. अठराव्या शतकात हे फ्रेंच गव्हर्नर डुप्लेचे दुभाषी आणि मुख्य व्यापारी दलाल होते. १७३६ पासून १७६१ मध्ये मरेपर्यंत त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली, दरबारातल्या कुरबुरींपासून कापडाच्या व्यापारापर्यंत.

आणि याच काळात आमचा रघूजी इथं येतो. दोस्त अली पडल्यावर नवाबाचं कुटुंब आणि चंदासाहेबाची बायको जडजवाहीर घेऊन पुदुच्चेरीच्या तटबंदीत आश्रयाला आली होती. रघूजीनं तेव्हाच्या फ्रेंच गव्हर्नर ड्यूमाकडे त्यांची मागणी केली, वर खंडणीही मागितली. ड्यूमानं नकार दिला आणि मराठ्यांच्या वकिलाला तोफा, दारूगोळा आणि धान्याचे साठे फिरवून दाखवले. पुढचा किस्सा फ्रेंच बाजूनं रंगवून सांगितलेला आहे, तेव्हा मीठ लावून घ्यावा. वकिलाबरोबर ड्यूमानं फ्रान्सच्या गोड मद्याच्या काही बाटल्या पाठवल्या, त्या रघूजीच्या मर्जीतल्या बाईला इतक्या आवडल्या की आणखी हव्यात असा हट्ट झाला आणि वेढ्याचं बोलणं मागं पडलं. मी हे समुद्राकाठी बाकावर बसून सांगितलं.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "खोटं हाय. बाटलीसाठी कोनी किल्ला सोडते का?"

नवरा म्हणाला, "आत्या, आपल्या गल्लीत सोडतीलही."

दुपारी केळीच्या पानावर जेवण. पानाचं टोक आपल्या डाव्या हाताला, आधी पाणी शिंपडून पान पुसायचं. वरच्या बाजूला लोणचं, कोरडी भाजी, डाळ-नारळातली पातळसर भाजी, अप्पळम म्हणजे पापड. मग भाताचा ढीग. भात एकदाच येत नाही, तो तीन वेळा येतो: सांबाराबरोबर, रसमाबरोबर, शेवटी ताकाबरोबर. मधे ज्याला हवं त्यानं वत्त कुळंबु घ्यायचं. चिंचेच्या दाट आंबट रसात वाळवलेली वांगीवर्गातली छोटी कडू फळं तिळाच्या तेलात तळून टाकलेली असतात. आत्याबाईंना पोळी नसल्याचा राग होता, तो रसमाच्या दुसऱ्या वाटीला गेला. वत्त कुळंबु मात्र त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि वाढप्याला हातवारे करून त्यात काय काय आहे ते काढून घेतलं. जेवण झालं की पान आपल्याकडे मिटायचं. हे आम्हाला शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुणेनं शिकवलं.

चौथा दिवस : परंगीपेट्टै, पिचावरम, तरंगंबाडी

भोगी. पहाटे दारोदार जुन्या चटया, टोपल्या, केरसुण्या जाळत होते. धुरात गाव नीट दिसेना.

दक्षिणेला निघालो. कडलूर, मग परंगीपेट्टै, जुन्या नकाशांतलं पोर्टो नोव्हो. पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळ्यांनी इथं वखारी घातल्या होत्या. रघूजीच्या फौजेनं हे गाव लुटलं. ड्रायव्हरला मी तसं सांगितलं तर तो आरशातून आमच्याकडे बघून म्हणाला, "तो आप उनके गाँव से?" त्यानं ते गमतीनंच घेतलं, पण आत्याबाईंनी पुढचे दहा किलोमीटर खिडकीबाहेर बघण्यात घालवले.

आज इथं वेल्लारू नदीच्या मुखाशी मासेमारी चालते, मशिदी आहेत, अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे. लुटीची कुठलीही खूण नाही. असणार तरी कशी.

पिचावरमला खारफुटीच्या जंगलात वल्ह्याची होडी मिळते. मोठ्या पाण्यातून होडी अरुंद वाटांमध्ये शिरते आणि वर फांद्यांचं छत येतं. होडीवाला दोन तऱ्हेची झाडं दाखवतो. एकाची मुळं वरून कमानीसारखी पाण्यात उतरतात, दुसऱ्याची चिखलातून सरळ वर बोटं काढतात, श्वास घेण्यासाठी. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा या जंगलाच्या मागे असलेल्या वस्त्यांचं नुकसान कमी झालं. होडीवाला हे पुस्तकातून सांगत नव्हता, त्याची वस्ती त्यांतलीच.

संध्याकाळी तरंगंबाडी. डेन्मार्कचा इथं काय संबंध हा प्रश्न नवऱ्यानं विचारला आणि तो रास्त होता. १६२० मध्ये तंजावरचा रघुनाथ नायक आणि डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन यांच्यात करार झाला, डेन मंडळींनी मिरीच्या व्यापारासाठी डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकून ती निघून गेली. वेशीचा पांढरा दरवाजा १७९२ चा, त्यावर डॅनिश राजचिन्ह अजून आहे. आतला रस्ता सरळ किल्ल्यापाशी आणि किल्ला सरळ समुद्रापाशी. किल्ल्याच्या उत्तरेला पांड्यांच्या काळातलं शंकराचं देऊळ आहे, त्याचा पुढचा भाग समुद्रानं केव्हाच नेला.

पाचवा दिवस : तरंगंबाडीतच

आज कुठं जायचं नव्हतं.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी सूर्य उगवायच्या आधी अंगणात तांदळाच्या पिठाचं कोलम काढलं. ठिपके आधी, मग त्यांना वळसे घालणारी एकच न तुटणारी रेघ. आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या. एका ठिकाणी मालकीणबाई थबकल्या तर आत्याबाईंनी खाली उतरून बोटानं हवेत वाट दाखवली. ती बरोबर होती की नाही मला सांगता येणार नाही, पण रेघ पूर्ण झाली.

मग अंगणात विटांची चूल, मातीचं मडकं, त्याच्या गळ्याला हळदीचं ओलं रोप पानांसकट बांधलेलं. बाजूला उसाच्या कांड्या उभ्या. दूध-पाणी उकळून मडक्याच्या काठावरून ओसंडलं की घरातले सगळे "पोंगलो पोंगल" म्हणून ओरडतात. ते ओसंडलंच पाहिजे, नाहीतर सणच नाही. त्यानंतर नवे तांदूळ, मुगाची डाळ, गूळ, शेवटी तुपात तळलेले काजू आणि वेलची. सूर्याला नैवेद्य दाखवून केळीच्या पानावर पहिला घास आम्हाला मिळाला. कावेरीच्या या सखल मुलखात सांबा हंगामाचा भात याच सुमारास कापणीला येतो, त्यामुळे नवे तांदूळ हे इथं नुसतं म्हणायचं नसतं. तांदळाला वास होता.

आमच्या डब्यातून तिळगूळ निघाला. मालकीणबाईंनी तो देवापुढे ठेवला, मग घरातल्या मुलांना वाटला. आत्याबाईंनी गोड बोला वगैरे सगळं सांगितलं, मराठीतच.

दुपारी मी एकटी न्यू जेरुसलेम चर्चमध्ये गेले. १७१८ चं. जर्मनीहून १७०६ मध्ये इथं आलेला त्सीगेनबाल्ग हा पाद्री तिथं पुरला आहे. तो तमिळ शिकला, छापखाना मागवला, तमिळ खिळे पाडून घेतले आणि १७१५ मध्ये बायबलच्या नव्या कराराचं तमिळ भाषांतर याच गावात छापून पुरं केलं. त्याच मिशनमध्ये पुढे श्वार्ट्झ नावाचा पाद्री आला. तंजावरच्या मराठा घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजी राजांना लहानपणी शिकवलं ते यानं. सरफोजींनी नंतर स्वतःचा देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तिथं इसापनीतीचं मराठी भाषांतर छापलं गेलं, पुण्या-नागपुराच्या कितीतरी आधी. छापील मराठीच्या गोष्टीत तंजावरच्या आधी या कोळीवाड्याशेजारच्या गावाचं नाव घ्यायला हवं. आम्ही ते शाळेत घेत नाही.

रात्री मासे मिळणार नाहीत असं कळलं. सणाला होड्या किनाऱ्यावर. नवऱ्यानं दुसऱ्यांदा सक्करै पोंगल, म्हणजे सकाळचा गुळाचा भात, घेतलं आणि तक्रार केली नाही.

सहावा दिवस : कारैकाल, नागूर, नागपट्टिनम

माट्टु पोंगल, म्हणजे यांचा पोळा. रस्ताभर रंगवलेली शिंगं आणि गळ्यात माळा घातलेल्या गाई. आमचा पोळा श्रावण अमावस्येला आणि बैलांचा, इथं गाईंचाही मान. आत्याबाईंनी गाडी थांबवून एका गाईला ऊस दिला. त्यांच्या मते गाईला ऊस देणं हे पोंगलपेक्षा जास्त पुण्याचं काम, आणि त्यांनी ते तीन ठिकाणी केलं. आम्हाला उशीर झाला तो यामुळे.

कारैकाल पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा तुकडा, चारी बाजूंनी तमिळनाडू आणि समुद्र. तिथून थोडं पुढे नागूर. शाहुल हमीद या सोळाव्या शतकातल्या संताचा दर्गा. पाच मनोरे आहेत, त्यांतला सर्वांत उंच, १३१ फुटांचा, तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांनी बांधवला. हेच ते प्रतापसिंह, ज्यांनी चंदासाहेबाच्या त्रासाला कंटाळून साताऱ्याकडे मदत मागितली होती आणि त्यावर शाहू महाराजांनी फौज पाठवली, रघूजीच्या हाताखाली. म्हणजे ज्यांच्या बोलावण्यावरून आमचे आले, त्यांनी इथं मनोरा बांधला.

आत जमिनीवर बसलेली माणसं सगळ्या तऱ्हेची होती. कुणी मुलाचं जावळ काढत होतं, कुणी कबुतरं सोडत होतं. बाहेर पत्र्याच्या छोट्या प्रतिमा विकायला होत्या: हात, पाय, डोळा, घर, होडी. ज्याचं जे अडलंय ते वाहायचं. नागपूरला आत्याबाई ताजबागेत नेमानं जातात, ताजुद्दीनबाबांवर भोसल्यांची श्रद्धा होती हे त्यांचं तिथं जाण्याचं पहिलं कारण. त्यामुळे दर्ग्यात काय करायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी एक डोळा विकत घेतला. त्यांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा विचार चालू आहे.

बाहेर संध्याकाळी कढईत वाडा तळतात. तांदळाच्या पिठाची चपटी टिकली, आत कांदा, वर एक आख्खी कोळंबी दाबून बसवलेली. गरम असतानाच खायचा. मी दोन खाल्ले. नवऱ्यानं किती ते त्यानं सांगितलं नाही.

नागपट्टिनमबद्दल थोडंच, कारण तिथं बोलावंसं वाटलं नाही. एके काळचं चोळांचं बंदर, जिथं सुमात्राकडच्या श्रीविजयच्या राजानं बुद्धविहार बांधवला आणि राजराज चोळानं त्याला आनैमंगलम हे गाव इनाम दिलं. नंतर पोर्तुगीज, डच, इंग्रज. आणि २६ डिसेंबर २००४. तमिळनाडूत सर्वांत जास्त माणसं या जिल्ह्यात गेली, सहा हजारांहून अधिक. बंदरावर जाळं विणत बसलेल्या एका माणसाशी ड्रायव्हर बोलला. त्सुनामीच्या आधी ओंडके बांधून केलेली कट्टुमरम जास्त होती, नंतर मदतीत फायबरच्या होड्या आल्या, इंजिनं आली, डिझेलचा खर्च आला. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून ट्रॉलरना बंदी असते, तेव्हा घरी बसायचं. हे सगळं त्यानं हात न थांबवता सांगितलं. घरातलं कोण गेलं ते त्यानं सांगितलं नाही आणि ड्रायव्हरनं विचारलं नाही.

सातवा दिवस : वेदारण्यम आणि कोडियक्करै

वेलांकन्नीच्या मेरीमातेच्या मंदिरात मेणाच्या प्रतिमा विकणारी तीच दुकानं, फक्त देव निराळा. आत्याबाईंनी इथं डोळा घेतला नाही, एकाच कामाला दोन ठिकाणी अर्ज करू नये म्हणाल्या.

वेदारण्यमची मिठागरं जानेवारीत अजून कामाला लागायची असतात. पावसाळा इथं ऑक्टोबर-डिसेंबरचा, तो संपल्यावर बांध दुरुस्त करायचे, वाफे पायांनी तुडवून घट्ट करायचे, मग खारं पाणी सोडून उन्हावर ठेवायचं. आम्ही बघितली ती माणसं चिखल तुडवत होती. पांढरे ढीग मार्चनंतर.

१९३० मध्ये गांधीजी दांडीला गेले तेव्हा इकडे राजगोपालाचारी १३ एप्रिलला तिरुचिरापल्लीहून शंभरेक स्वयंसेवक घेऊन पायी निघाले, २८ तारखेला वेदारण्यमला पोचले आणि ३० एप्रिलला मीठ उचलून पकडले गेले. तंजावरच्या कलेक्टरनं ताकीद दिली होती की या लोकांना जेवू घालील किंवा आसरा देईल त्याला शिक्षा. तेव्हा वाटेतल्या गावकऱ्यांनी रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्यांना जेवणाच्या पुरचुंड्या बांधून ठेवल्या. कुणी दिलं ते कुणाला सांगता येऊ नये म्हणून. मी हे वाचलं होतं, पण ती सावली देणारी झाडं दोन्ही बाजूंना बघत जाताना त्या पुरचुंड्या किती उंचीवर असतील याचा अंदाज घेत राहिले.

आमच्याकडे समुद्र नव्हता. म्हणून त्याच वर्षी विदर्भात जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला. सरकारचा जो कायदा हाताशी असेल तो मोडायचा.

कोडियक्करैला रोहित पक्षी लांबवर दिसले, इतके लांब की आत्याबाईंनी ते बगळे असल्याचं जाहीर केलं. काळवीट मात्र रस्त्यावर आलं. दोन्ही बाजूंना नारळाची शेंडे गेलेली खोडं अजून उभी आहेत, १६ नोव्हेंबर २०१८ च्या गज वादळातली. रात्री मातीच्या भांड्यातलं मीन कुळंबु, म्हणजे माशाचं कालवण, मिळालं, चिंच आणि तिळाच्या तेलातलं. आत्याबाईंचा शेरा: आंबट चांगलं, तर्री कमी.

आठवा दिवस : मनोरा

पट्टुकोट्टैच्या दक्षिणेला किनाऱ्यावर मनोरा आहे. षट्कोनी, आठ मजली, भोवती खंदक. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून १८१४ च्या सुमारास सरफोजी राजांनी बांधवला. तंजावरच्या मराठा राजानं पाल्कच्या उपसागराकाठी युरोपातल्या लढाईचा मनोरा उभारावा, यात मुत्सद्देगिरी किती आणि लाचारी किती हे मला ठरवता आलं नाही. राज्य इंग्रजांच्या हातात जाऊन तेव्हा वर्षं झाली होती, तंजावरचा किल्ला आणि आसपासचा भाग तेवढा राजाचा. समोरचं पाणी उथळ, लाटा जवळजवळ नाहीत. तळाशी समुद्रगवत आहे, ते खाऊन जगणाऱ्या समुद्रगाईंसाठी २०२२ मध्ये या उपसागरात राखीव क्षेत्र जाहीर झालं. आम्हाला समुद्रगाय दिसली नाही. कुणालाच सहसा दिसत नाही.

मला मनोऱ्यापेक्षा आजूबाजूच्या गावांची नावं वाचण्यात रस होता. सेतुभावाछत्रम. जवळच आणखी छत्रं. तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी रामेश्वरच्या वाटेवर प्रवाशांसाठी ही अन्नछत्रं घातली. राज्य गेलं तरी छत्रं आपल्याकडे राहू द्या म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. त्यात तिथं कुठल्याही जातीच्या वाटसरूला अन्न मिळतं, आजाऱ्याला औषध मिळतं, हे तपशिलानं सांगितलं आहे. मनोऱ्यासाठी इंग्रजांची खुशामत करणारा माणूस तोच आणि भुकेल्यांसाठी त्यांच्याशी भांडणारा तोच.

आत्याबाईंनी शहाळं पिता पिता सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पाय, आमच्यानं येऊन लुटलं अन् याईनं बसून जेवू घातलं." मग थोडं थांबून, "पन आमच्याले बोलावलं कोनं? याईनंच ना?"

तिढा बरोबर होता. मी गप्प बसले.

नववा दिवस : तंजावर

समुद्र मागे पडला. दोन्ही बाजूंना भाताची कापणी.

राजराजाचं बृहदीश्वराचं देऊळ, १०१० चं, दुपारी तापतं. मोजे घालून या. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास कोरून घेतला आहे, मराठीत, देवनागरीत, ओळीमागून ओळ. तमिळ चोळ लेखांच्या देवळात हे बघून शाळेतल्या बाईचं काय होतं ते लिहिण्यात अर्थ नाही. आत्याबाई चष्मा लावून अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागल्या. त्यांचं वाचन ऐकून एक वयस्क गृहस्थ थांबले. तंजावरचेच, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. त्यांची मराठी निम्मी आम्हाला कळली, आमची निम्मी त्यांना. बोलणं इतिहासावर आलंच नाही, ते सरळ जेवणावर गेलं. त्यांच्या घरी डांगर पच्चडी होते: उडीद भाजून दळायचा, पीठ दह्यात कालवायचं, वरून मोहरीची फोडणी. आत्याबाई म्हणाल्या की त्यात कच्चा कांदा नसेल तर ते डांगरच नव्हे. गृहस्थ म्हणाले सणावाराला कांदा कसा चालेल. आत्याबाई म्हणाल्या मग सणाला डांगर करायचं कशाला. मी आणि नवरा तोवर सावलीतल्या पायरीवर जाऊन बसलो होतो.

सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडीचे कागद मी धावतपळत पाहिले, त्यांच्यासाठी निराळं यावं लागेल. रात्री चेन्नईची गाडी होती. डब्यात बसल्यावर कळलं की आत्याबाईंनी नागपट्टिनमला आम्हाला न सांगता वाळवलेली मासळी घेतली होती, कागदाच्या चार घड्यांत. समोरच्या बाकावरच्या कुटुंबानं खिडकी उघडायचा प्रयत्न केला, पण एसी डब्याची ती उघडत नाही. आत्याबाईंनी त्यांना भंडाऱ्याकडे सुकट कसं करतात ते सांगायला घेतलं.